शिरीषमामांशी जुळवलेला बोलचष्मा

माणसाच्या जिभेवर अखेर विज्ञानाने विजय मिळवला. अग्नी सापडला तेव्हा माणूस शिजवून खाऊ लागला, चाक सापडलं तेव्हा लांब जाऊ लागला, आणि बोलचष्मा निघाला तेव्हा, हजारो वर्षांच्या भांडणांनंतर, तो प्रथमच विचार करून बोलू लागला. युद्धं, घटस्फोट आणि भाऊबंदकी यांचं मूळच उपटलं गेलं, असं सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं. ते छापून आलं त्याच संध्याकाळी, सांगलीत, नवाकोरा बोलचष्मा नाकावर चढवून हेमंत कुपवाडकर आपल्या मेहुण्याला म्हणाले, "वा शिरीषराव, तब्येत चांगलीच सुधारलीय की."

शिरीषराव गेलं वर्षभर कारल्याचा रस पिऊन वजन उतरवत होते.

चष्म्याच्या काचेवर मात्र त्या वाक्याखाली प्रसन्न हिरवी रेघ उमटली होती. आरोग्याची आस्थेने चौकशी, असा तिचा अर्थ. हेमंतरावांना हुरूप आला. त्यांनी शंकरपाळ्यांची ताटली पुढे केली. शिरीषराव म्हणाले, "नको." आता आमच्या भागात पहिला 'नको' हा नमस्कारासारखा असतो, त्याला कोणी उत्तर देत नाही. पण काचेवर सूचना आली: श्रोत्याने नकार दिला आहे, आग्रह टाळावा. हेमंतरावांनी आज्ञाधारकपणे ताटली उचलून आत नेली. शिरीषरावांचा हात तेव्हा शंकरपाळ्यांच्या निम्म्या वाटेवर होता. तो त्यांना तिथून मिशीकडे वळवावा लागला.

थोड्या वेळाने ते उठले आणि म्हणाले, "जातो."

"दादा 'येतो' नाही म्हणाला," दार लावता लावता मेधाताई म्हणाल्या. "'जातो' म्हणाला. ऐकलंत ना?"

मेधाताई म्हणजे हेमंतरावांच्या पत्नी आणि शिरीषरावांची धाकटी बहीण. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायच्या. भाऊ मिरजेला असायचा. साखर कारखान्यात चीफ केमिस्ट म्हणून त्याने जन्म काढला, पण तिथला गोडवा तिथेच ठेवून घरी यायची शिस्त कडक पाळली. सांगली-मिरज अंतर ते किती, पण त्या अंतरात शिरीषराव रुसले नाहीत असा एकही सण गेला नव्हता. त्यातले निम्मे रुसवे हेमंतरावांच्या नावावर होते. हेमंतराव पतसंस्थेतून निवृत्त झालेले सरळ गृहस्थ. डोळ्यांना जे दिसे ते मधे कुठेही न थांबता तोंडातून बाहेर येई.

एरवी कोणी एवढं मनावर घेतलं नसतं. पण महिनाभरावर शाल्मलीचं लग्न आलं होतं.

शाल्मली त्यांची एकुलती एक मुलगी. तिला लग्नात बँड नको होता, हळदीचे फोटो नको होते, घोडा तर नवऱ्यालाच नको होता. तिला एकच गोष्ट हवी होती. बोहल्यावर न्यायचं ते मामाने, रीतीप्रमाणे, हाताला धरून. लहानपणी पोहायला शिकवताना पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून याच मामाने तिला कृष्णेत ढकललं होतं, आणि डबा एकटाच वर आल्यावर घाटावरून इस्त्रीच्या सफारीसकट उडी मारली होती. सफारीचा रंग उतरला. मामाने तो दोष धोब्यावर ढकलला, तिच्या आईला आजतागायत काही सांगितलं नाही.

"मामा नसेल तर मी बोहल्यावर जाणार नाही," ती म्हणाली. "रजिस्टर करू आणि पाव-भाजी खाऊ."

"व्याह्यांना काय सांगू?" हेमंतरावांनी विचारलं.

"चष्मा लावून सांगा."

चष्मा तिनेच आणला होता. असे चष्मे बनवणाऱ्या कंपनीत ती इंजिनियर होती. त्याचं शास्त्र तसं सोपं. आपण वाक्य उच्चारतो त्याच्या क्षणभर आधी मेंदू जीभ, जबडा आणि गळ्याच्या स्नायूंना हुकूम सोडतो. मनातल्या मनात बोललं तरी हे स्नायू किंचित हलतात. चष्म्याच्या काड्यांमध्ये, कानामागे, बारीक संवेदक बसवलेले असतात. ते ही हालचाल टिपतात, तिचं वाक्य जुळवतात आणि ओठ उघडायच्या आत काचेवर लिहून दाखवतात. समोरच्याला टोचेल अशा शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ येते. मग माणूस गप्प बसतो किंवा दुसरं वाक्य शोधतो. त्या वर्षी सगळा महाराष्ट्र बोलण्याआधी क्षणभर डोळे वर करून बघायला लागला होता. एका नगरपालिकेत सभासदांना चष्मे वाटले, तर अख्खी सभा 'अध्यक्ष महोदय' याच्या पुढे सरकली नाही.

"पण मग शिरीषरावांच्या वेळी हिरवी रेघ कशी आली?" हेमंतरावांनी रास्त प्रश्न विचारला.

शाल्मली जेवणाच्या टेबलाशी बसली. "बाबा, आम्ही प्रोग्रॅम लिहितो तो एडिटरमध्ये. एडिटर तो चालवून बघत नाही, नुसता वाचतो आणि सांगतो, इथे चूक दिसतेय. पण खरा निवाडा कंपायलरचा. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणायचं काम त्याचं. त्याला पटलं तर पुढे, नाहीतर तोंडावर परत."

"म्हणजे भज्याचं पीठ चाखून बघतात तसं?"

"हां. एडिटर पीठ चाखतो, कंपायलर तळतो. आता दोघांचे नियम वेगळे असले की घोटाळा. एडिटर म्हणतो सगळं छान, आणि कंपायलर नाकारतो. नाहीतर एडिटर नको तिथे तांबडं करत बसतो आणि कंपायलर निमूट घेतो. म्हणून एडिटरला बजावून सांगावं लागतं, की आपला कंपायलर अमुक, त्याची आवृत्ती अमुक, त्याने हे चालवून घेतलंय, ते बंद केलंय. तू त्याच्याच नियमांनी वाच. या चष्म्यात कारखान्यातून 'सर्वसाधारण श्रोता' भरून येतो."

"आणि शिरीषराव?"

"मामा सर्वसाधारण नाही. मामा कंपायलर आहे."

"मग मी कोण?"

"तुम्ही प्रोग्रॅम," शाल्मली म्हणाली. "चुकीचा."

तर आता चष्मा मामाशी जुळवायचा होता. मामाचे नियम छापील कुठेच नव्हते, ते मेधाताईंना तोंडपाठ होते. त्या मटार सोलत बसल्या आणि शाल्मली लॅपटॉप घेऊन समोर.

"आवृत्ती कुठली धरू?"

"निवृत्तीनंतरची. आधी दादा फोनवर रुसायचा नाही. आता फोनवरही रुसतो."

"त्याने 'नको' म्हटलं तर?"

"तीनदा विचारायचं. चौथ्यांदा विचारलं तर म्हणतो, मला हावरट समजता काय."

"आमंत्रण?"

"ते नाजूक आहे. सगळ्यात आधी दिलं तर म्हणतो, सराव माझ्यावर केला. शेवटी दिलं तर म्हणतो, उरलेलं दिलं. दुसरं द्यायचं, आणि पहिलंच देतोय म्हणून सांगायचं."

"आई, पण ते खोटं आहे. चष्मा तांबडं करेल."

"सत्याची तपासणी बंद कर," तर्कशास्त्राच्या प्राध्यापिका म्हणाल्या.

हेमंतराव हे ऐकत होते. ते हताशपणे म्हणाले, "मी आपला गप्पच बसतो त्याच्यासमोर."

"गप्प बसलात तर 'हेमंतरावांना हल्ली आमच्याशी बोलायला वेळ नसतो'. ते मागच्या दिवाळीत होऊन गेलंय."

मटार संपले, नियम संपेनात. शेवटी मेधाताईंनी तूर डाळ निवडायला घेतली. बहिणीने भावाचा एवढा अभ्यास केल्याचा तिच्या माहितीतला हा पहिलाच प्रसंग, असं शाल्मली मागाहून म्हणायची.

रविवारी तिघं अक्षता घेऊन मिरजेला गेली. आणि सांगायला आनंद वाटतो की चष्मा जुळला होता.

"रस्ता खराब लागला असेल," शिरीषराव सोफ्यावरून म्हणाले. हा पहिला सापळा. हो म्हटलं तर यायचा कंटाळा आला होता, नाही म्हटलं तर मिरजेच्या नगरसेवकाची बाजू घेतली.

हेमंतरावांनी डोळे वर केले, दोन तांबडी वाक्यं गिळली आणि म्हणाले, "तुमच्याकडे येताना कळत नाही. परत जाताना जाणवतो."

शिरीषरावांच्या भुवया हलल्या. "कार्यालय फार लांबचं घेतलंत."

"तुम्हाला मिरजेहून जवळ पडावं म्हणूनच."

"पत्रिकेत माझ्या नावापुढे 'निवृत्त' टाकलंय का?"

"टाकणार होतो. छापखानावाला म्हणाला, लोकांना पटणार नाही."

मामी चहा घेऊन आल्या. "चहा बरा झालाय का हो?" शिरीषरावांनी विचारलं. हा त्यांचा ठेवणीतला डाव. बरा म्हटलं तर नुसताच बरा का, उत्तम म्हटलं तर टोमणा.

"असा चहा तुमच्या बहिणीला जमला असता तर मी पतसंस्थेत उशिरापर्यंत थांबलो नसतो," हेमंतराव म्हणाले. मेधाताईंनी नवऱ्याकडे जे बघितलं ते चष्म्याच्या कक्षेबाहेरचं होतं. रेघ मात्र गडद हिरवी.

शिरीषराव एकेक सापळा लावत गेले आणि हेमंतराव त्यातून धोतराचा सोगा सावरत चालावं तसे अलगद बाहेर पडत गेले. तासाभराने शिरीषरावांचा चेहरा पार उतरला. रात्रंदिवस अभ्यास करून गेलेल्या मुलाला फारच सोपा पेपर आला तर त्याचा होतो तसा. निरोप देताना ते फाटकापर्यंत आले आणि क्षीण आवाजात म्हणाले, "काही राहिलं नाही ना?"

"काहीच नाही," हेमंतराव अभिमानाने म्हणाले.

परतताना गाडीत शाल्मलीने बाबांना शाबासकी दिली. एकही तांबडी रेघ नाही. असं तिच्या कंपनीतल्या भल्याभल्यांच्या हातून होत नसे.

मंगळवारी मामींचा फोन आला. "शाल्मली, अगं हे लग्नाला येतो म्हणतायत, पण पाहुणे म्हणून. बोहल्यावर न्यायला दुसरं कोणीतरी बघा म्हणतायत."

"का? आमचं काय चुकलं?"

"तेच तर. परवापासून घरात येरझाऱ्या घालतायत आणि तेच शोधतायत. सापडत नाहीये म्हणून जास्तच चिडलेत."

शाल्मलीने फोन ठेवला. नियम पुन्हा तपासले. कुठेही चूक नव्हती. मेधाताई शेजारी येऊन बसल्या.

"माझ्या लग्नात दादा रुसला होता," त्या मग म्हणाल्या. "कशावरून ते त्यालाही आठवत नसेल. पण समजूत काढायला वडील गेले, काका गेले, आत्या गेली, शेवटी शेजारचे डॉक्टर गेले. प्रत्येक जण त्याचा हात धरून एकच सांगत होता, तुझ्याशिवाय व्हायचं नाही रे. आमच्या घरात एरवी असं कोण कुणाला म्हणतं? वडिलांनी त्याला जवळ घेतलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं."

शाल्मली लॅपटॉपकडे बघत राहिली. "कंपायलरने काहीच तक्रार केली नाही," ती सावकाश म्हणाली, "की आम्ही त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. खिडकी बंद करून चहाला जातो. चूक निघाली तरच चार जण त्याच्याभोवती जमतात."

"म्हणजे?" हेमंतरावांनी विचारलं.

"म्हणजे आम्ही मामाचं कामच काढून घेतलं. बाबा, तुम्हाला एक चूक करावी लागणार."

आयुष्यात प्रथमच कोणीतरी हेमंतरावांकडे त्यांच्या हातखंड्याची मागणी करत होतं, आणि नेमकी त्यांना ती जमेना. चष्म्याने त्यांना वळण लावून टाकलं होतं. मेधाताईंवर सराव करताना त्यांच्या तोंडून "भाजी फार सुरेख" याच्याखाली काही येईना. शेवटी शाल्मलीने चष्म्याची जुळणी उलटी केली. चूक बेताची असेल तर हिरवी रेघ. रुसायला पुरेल, पण समजूत काढणं मुहूर्ताच्या आत आटपेल, अशी. बऱ्याच वाक्यांची परीक्षा झाली आणि एक पास झालं. लग्नाच्या दिवशी मंडपात गुलाब आणि अत्तर आधी मुलाकडच्या मामांना द्यायचं, आणि शिरीषरावांना म्हणायचं, "तुम्ही काय घरचेच, तुम्हाला मागनं."

मेधाताईंनी वाक्य दोनदा म्हणून बघितलं. "पाव तासाचा रुसवा आहे," त्यांनी निकाल दिला. "तिघं जाऊन समजूत काढून आले की मिटेल."

लग्नाचा दिवस उजाडला. कार्यालयाच्या खोलीत फेटेवाल्याने हेमंतरावांना खुर्चीत बसवलं आणि फेटा आवळायला घेतला. दोन वेढ्यांत चष्म्याच्या काड्या कानामागच्या हाडात रुतल्या. हेमंतराव विव्हळले.

"साहेब, एकतर चष्मा नाहीतर फेटा," फेटेवाला म्हणाला. त्याने चष्मा काढून आरशापाशी ठेवला.

हेमंतराव उघड्या तोंडाने मंडपात आले. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, पाहुण्यासारखे पाहुणे होऊन शिरीषराव बसले होते. ताठ. कोणाकडे न बघता. पाठ केलेलं वाक्य हेमंतरावांच्या ओठांवर आलं, आणि तेवढ्यात व्याह्यांकडच्या एक वयस्कर बाई बसायला जागा शोधत शेजारी येऊन थांबल्या. हेमंतरावांना जे दिसलं ते मधे कुठेही न थांबता बाहेर आलं.

"शिरीषराव, जरा उठता का? ही खुर्ची मुलाकडच्यांना लागतेय."

रांगेतले पंखे तेवढे चालू राहिले. पाव तासाचा रुसवा मागवला होता, हेमंतरावांनी पिढ्यान्‌पिढ्या पुरेल एवढा आणून ओतला. आणि शिरीषरावांच्या चेहऱ्यावर, मिरजेच्या त्या रविवारनंतर, पहिल्यांदा रक्त दिसलं. ते उठले. खुर्ची त्या बाईंसाठी स्वतः सरळ करून दिली. मग उपरणं खांद्यावर टाकून, एखादं राज्य सोडून निघावं तसे, जेवणाच्या हॉलमागच्या बोळात गेले आणि तिथे गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्यांवर मांडी घालून बसले.

पहिल्यांदा हेमंतराव गेले. "शिरीषराव, माफ करा. मी मूर्ख आहे."

"ते ठाऊक आहे. नवीन काय ते सांगा."

"माझ्याशी जन्मभर बोलू नका, पण पोरीला तेवढं न्या."

"जन्मभर बोलू नका? म्हणजे आता संबंधच तोडताय."

मेधाताई गेल्या. त्यांना शंकरपाळ्यांपासून सगळं ऐकावं लागलं. नवऱ्या मुलाचे वडील गेले, त्यांना वाटलं ही सांगलीकडची एखादी रीतच असावी, म्हणून त्यांनी जाताना नारळही नेला. भटजी येऊन मुहूर्ताची आठवण करून गेले. आणि मग मामी वधूच्या खोलीत आल्या. त्यांचा चेहरा पडला होता.

"गाडीची किल्ली मागितली त्यांनी," त्या म्हणाल्या. "हे नवीन आहे गं. आजवर किल्लीपर्यंत गोष्ट गेली नव्हती."

शाल्मली पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून बसली होती. फेटेवाल्याने आणून दिलेला बाबांचा चष्मा आरशापाशी पडला होता. मामाचा एकेक नियम त्यात तिने स्वतःच्या हाताने भरलेला. तिने तो उचलला, उलटी जुळणी पुन्हा सुलटी केली, घालून बघितला आणि मनात एक वाक्य जुळवलं. तांबडं. दुसरं जुळवलं. तेही. मग तिने चष्मा काढून मामींच्या हातात दिला आणि तशीच बोळात गेली. सतरंजीच्या कडेला, जमिनीवर, नव्या साडीसकट बसली.

शिरीषरावांनी वाट पाहिली. "काही बोलणार नाहीस?"

"काय बोलू? काहीही बोललं तरी चुकतं."

"बोल की. चुकलं तर बघू."

"मला भीती वाटतेय मामा."

"कशाची?"

"सगळ्याचीच. तिथपर्यंत चालताच येणार नाही असं वाटतंय. तू धरलंस तर येईल."

शिरीषराव भिंतीकडे बघायला लागले. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं, गॅस सिलिंडर बाहेर ठेवावेत एवढंच लिहिलेलं होतं. ते त्यांनी खूप वेळ वाचलं. मग खाकरून विचारलं, "मुलाकडचे बघतायत का?"

शाल्मलीने मान वळवून पाहिलं. बोळाच्या तोंडाशी गर्दी झाली होती. "सगळे. त्यांचे मामा तर खुर्चीवर उभे राहून बघतायत."

"आणि तुझा बाप?"

"रडतोय."

"फेटा बांधून?"

"फेटा बांधून."

"मग ठीक आहे," शिरीषराव म्हणाले.

त्यांनी उपरणं नीट केलं, मिशीवरून बोट फिरवलं आणि हात पुढे केला. शाल्मलीने तो धरला. बोळाच्या तोंडाशी कोणीतरी सनईवाल्याला खूण केली, मेधाताईंनी पदराने डोळे पुसले, भटजींनी अंतरपाट उलगडला. सगळं कार्यालय त्या दोघांच्या उठण्याची वाट बघत उभं राहिलं.

शिरीषराव उठले नाहीत.

शाल्मली त्यांच्याकडे झुकली. "मामा, आता काय राहिलं?"

"काही नाही गं," ते तिच्या कानाशी कुजबुजले. "जरा ओढ मला. मांडी घालून घालून पायाला मुंग्या आल्यात."